कमी बजेटात मोठ्या शिकारीची बोल्ट-ॲक्शन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: खिशाला झेपेल अशी बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरायची), आणि तीही हरीण, रानडुक्कर, एल्क, मूस (ही शेवटची दोन हरणाच्याच कुळातली, पण बरीच मोठी) असल्या जनावरांसाठी. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे वाटले ते एकत्र केलेत. शिकार जिथे कायद्याने चालते तिथेच, रायफलचं लायसन्स आणि जनावराचा परमिट हातात असतानाच तुम्ही हे करणार, हे धरून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: दादा, पहिलीच सेंटरफायर (मोठ्या काडतुसाची) रायफल घेतोय. मुख्य हरीण, पुढेमागे एल्कचा परमिट लागला तर तेही. बजेट तंग आहे. सगळ्यात स्वस्त रांगेतल्या रायफली हातात घेतल्या तर प्लास्टिकच्या वाटतात, मन भरत नाही. यांच्यावर भरवसा ठेवावा की अजून पैसे साठवून चांगली घ्यावी?

साठवत बसू नका, घ्या. मन भरत नाही हे समजू शकतो, पण जे हाताला स्वस्त लागतं ते आणि जे गोळी नेमावर नेतं ते, हे रायफलचे दोन वेगळे भाग आहेत. आजच्या स्वस्त रायफलमध्ये कंपन्यांनी काटछाट केलीये ती स्टॉक (खांद्याला लागणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा सांगाडा), मॅगझीन, फिनिश आणि बोल्टच्या गुळगुळीतपणात, नळी मात्र बहुतेक वेळा चांगलीच असते.

हे कसं जमलं ते माहीत असलेलं बरं. पूर्वी नळी आणि ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर) जुळवायला अनुभवी माणूस लागायचा, कारण हेडस्पेस, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागे बोल्टपर्यंत किती सैलपणा राहतो ते माप, फार काटेकोर लागतं, कमी झालं तर बोल्ट बंद होत नाही आणि जास्त झालं तर काडतुसाचं पितळ फाटायची भीती. सॅव्हेजने १९५८ मध्ये ११० मॉडेल आणलं त्यात हा प्रश्न एका नटावर सोडवला, नळी आट्यांमध्ये फिरवायची, गेज लावून माप जुळलं की नट आवळायचा, झालं काम. कारागिराचे तास वाचले आणि अचूकता कुठे गेली नाही. पुढे इतरांनीही हीच वाट धरली, २०१२ ची रुगर अमेरिकन त्याच पद्धतीची आहे. त्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन आल्या, त्यामुळे स्वस्त रायफलनेही शंभर यार्डांवर इंच-दीड इंचाचा ग्रुप (एकापाठोपाठ मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा) देणं ही आता काही मोठी बातमी राहिली नाही.

आता नावं घेऊन सांगतो. सगळ्यात खालच्या पायरीवर सॅव्हेज ॲक्सिस आणि रुगर अमेरिकन. ॲक्सिस घेणार असाल तर ॲक्युट्रिगर (सॅव्हेजचा हलका करता येणारा ट्रिगर, म्हणजे चाप) असलेलीच बघा, सुरुवातीच्या साध्या ॲक्सिसचा ट्रिगर जड होता आणि जड ट्रिगर ओढता ओढता नेम सरकतो, नवशिक्याचा तर हमखास. रुगर अमेरिकनमध्ये बोल्टला तीन लग (बोल्ट जागी अडकवून धरणारे कान) आहेत, त्यामुळे बोल्ट ७० अंशच उचलावा लागतो, स्कोपच्या (वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीच्या) खाली बोटं अडकत नाहीत, आणि ट्रिगर घरच्या घरी हलका-जड करता येतो. मॉसबर्ग पेट्रियट लाकडी स्टॉकमध्येही मिळते, ज्यांना प्लास्टिक बघवत नाही त्यांच्यासाठी सोय. विंचेस्टर एक्सपीआरला ६० अंशांचा बोल्ट आणि एक छोटं बटण आहे, सेफ्टी लावलेलीच ठेवून बोल्ट उघडता येतो, रायफल रिकामी करताना हे फार सोयीचं.

थोडं वर गेलात तर होवा १५०० आणि वेदरबी व्हॅनगार्ड. दोन्हींची ॲक्शन जपानमध्ये होवाच बनवते, रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर पेलणारा उंचवटा) रिसीव्हरचाच भाग असतो, बांधणी दणकट, पण वजन जास्त. डोंगर चढून जायचं असेल तर ते वजन संध्याकाळी जाणवतं. आणि त्याच्याही वर टिक्का टी३एक्स, परवडणाऱ्या रायफलींच्या अगदी वरच्या काठावर. बोल्ट एकदा मागे-पुढे करून बघा, मग बाकीच्यांचा करून बघा, फरक सांगायला कोणी लागणार नाही. माझं मत विचाराल तर, टिक्का घेऊन वर स्कोप आणि काडतुसांना पैसे उरत असतील तर टिक्का, नाही उरत तर रुगर अमेरिकन, आणि यातलं कुठलंही घेतलंत तरी हरणाला फरक कळणार नाही.

स्टॉकची तपासणी मात्र दुकानातच करा. कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधून घाला आणि पुढून मागे रिसीव्हरपर्यंत सरकवा. ती न अडकता गेली तर नळी मोकळी आहे, चांगलं. आता स्टॉकचा पुढचा भाग मुठीत धरून नळीकडे दाबा, साधारण आपण रायफल टेकवून जोर देतो तेवढाच जोर, आणि पट्टी पुन्हा ओढा. स्वस्त प्लास्टिक वाकतं आणि पट्टी अडकते. म्हणजे काय, तर तुम्ही बायपॉडवर किंवा झाडाच्या बुंध्यावर टेकून जोर दिलात की स्टॉक नळीला टेकणार आणि गोळी दुसरीकडे जाणार. थोडंसं वाकणं स्वस्तातल्या सगळ्यांतच असतं, पण हलक्या दाबाला टेकणारी असेल तर त्याच मॉडेलची दुसरी मागा, एकाच खोक्यातल्या दोन रायफलींतही फरक असतो.

आणि खांद्याला लावून बघा. डोळे मिटून रायफल खांद्याला आणायची, गाल स्टॉकवर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर ती तुमच्या मापाची. मान लांब करावी लागली किंवा गाल हवेत राहिला तर नाव कितीही मोठं असू दे, सोडा ती. कारखान्यातल्या स्टॉकची लांबी बहुतेक साडेतेरा-पावणेचौदा इंच असते, लहान चणीच्या माणसाला ती लांब पडते, अशांसाठी कॉम्पॅक्ट मॉडेल येतात.

प्रश्न: नमस्कार, मी बाई माणूस, वजन बेताचं. नवऱ्याचे मित्र म्हणतात एल्कवर जायचं तर .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसाच्या खाली काही घेऊ नको. एकाची रायफल चालवून बघितली तर दुसऱ्या गोळीपासूनच डोळे मिटायला लागले. मला हे जमेल का?

ताई, जमेल, पण त्या रायफलने नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. धक्क्याचं गणित बघा. .३०८ विंचेस्टर साधारण साडेसात पाउंडाच्या रायफलमधून १६ ते १८ फूट-पाउंडाचा धक्का देते, .३०० मॅग्नम २५ च्या पुढे जाते, आणि ६.५ क्रीडमूर १२-१३ च्या आसपास. जे मित्र सल्ला देतायत त्यांच्यापैकी कितीजण स्वतः चाप ओढताना दचकतात हे त्यांनाच माहीत नसतं, कारण बार होताना सगळंच हलतं आणि त्यात दचकणं लपून जातं.

ते उघडं पाडायची एक सोपी पद्धत आहे. रेंजवर जोडीदाराला तुमची रायफल लोड करून द्यायला सांगा, तुमच्या नकळत, कधी खरं काडतूस, कधी डमी. तुम्हाला कळता कामा नये. डमीवर चाप ओढला जाईल तेव्हा नुसता टक आवाज येईल, आणि त्या क्षणी नळीचं टोक खाली बुडलं, खांदा पुढे आला, डोळे मिटले तर समोरच्याला स्पष्ट दिसतं. टोक जागेवरून हललंच नाही तर ते कॅलिबर तुमचं. जे मित्र .३०० म्हणतायत त्यांनाही हे करून बघायला सांगा, खरंच सांगा, कारण जखमी होऊन पळालेलं जनावर हे बहुतेक वेळा वाईट जागी लागलेल्या गोळीमुळे पळतं, आणि ते रात्रभर कुठेतरी झुडपात मरत पडतं, त्यापेक्षा वाईट काही नाही या सगळ्यात.

जनावर पडतं ते गोळी फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेली म्हणून, आणि त्यासाठी मध्यम कॅलिबर पुरतं. स्वीडनमध्ये मूसवर पिढ्यानपिढ्या ६.५×५५ चालत आलंय, आणि मूस हे एल्कपेक्षाही मोठं जनावर. तिथला नियमही असा की गोळी १० ग्रॅम किंवा जास्त वजनाची असेल तर १०० मीटरवर तिच्यात २००० ज्यूल ऊर्जा शिल्लक असली की मोठ्या जनावराला चालते. साधी .३०८ ते आरामात पार करते.

तुमच्यासाठी मी ७एमएम-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर म्हणेन. ७एमएम-०८ हे १९८० पासूनचं काडतूस, .३०८ चंच तोंड बारीक करून केलेलं, धक्का सौम्य, १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चांगली गोळी घेतली तर एल्कसुद्धा माफक अंतरावर नीट पडतं. अडचण एकच, प्रत्येक दुकानात त्याची काडतुसं मिळतीलच असं नाही. क्रीडमूर २००७ ची, आता सगळीकडे मिळते. .२४३ हरणापुरती ठीक, एल्कवर मी तुम्हाला ती देणार नाही, तिथे चुकीला जागाच राहत नाही.

अजून एक, हलकी रायफल धक्का जास्त देते. दुकानात सहा पाउंडाची रायफल हातात घेऊन बरं वाटतं, बार काढल्यावर नाही. मागे जाड मऊ रबरी पॅड असलेली, सातच्या वरची घ्या. आणि कानांवर मफ आणि आत प्लग दोन्ही घाला, कारण अर्धं दचकणं आवाजाचं असतं.

प्रश्न: .३०८, .३०-०६ की .२७०? वाचून वाचून डोकं फिरलं.

तिन्हींपैकी ज्याची काडतुसं तुमच्या जवळ सहज आणि स्वस्तात मिळतात ते. .३०-०६ आहे १९०६ ची, .२७० आहे १९२५ ची, .३०८ आहे १९५२ ची, आणि तिन्ही अजून खपतायत यातच सगळं आलं. जड गोळ्या, १८० ग्रेनच्या, वापरायच्या असतील, मोठं अस्वल-मूस मनात असेल तर .३०-०६ ला थोडी आघाडी. मोकळ्या रानात लांबचे बार असतील तर .२७० ची १३० ग्रेनची गोळी सपाट जाते. .३०८ ची ॲक्शन आखूड, धक्का तिन्हींत साधारण कमी, आणि सरावाची काडतुसं बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त, म्हणून पहिल्या रायफलला मी तीच सुचवतो. यावर यापेक्षा जास्त विचार करू नका, तो वेळ रेंजवर घालवा.

प्रश्न: काका, दुकानदार रायफल आणि स्कोप असं पॅकेज देतोय, स्कोप जवळपास फुकटच पडतोय. घेऊ का? आणि बजेटचा किती भाग स्कोपला ठेवायचा?

पॅकेज घेतलंत तरी चालेल, पण तो स्कोप पुढे बदलायचा आहे हे धरूनच घ्या. बहुतेक पॅकेजमध्ये ३-९×४० स्कोप असतो. आकडा बरोबर आहे, मोठ्या शिकारीला ३ ते ९ पट पुष्कळ झालं. दुखणं असतं ते आतल्या बांधणीत: धक्क्याने क्रॉसहेअर (नेमाची फुली) सरकतात, थंडीत आत धुकं धरतं, आणि टरेट (नेम सरकवायचं बटण) चार क्लिक फिरवलं तर गोळी कधी दोन सरकते कधी सहा. जनावर उजाडताना आणि मावळताना निघतं, तेव्हा स्वस्त काचेत सगळं करडं होऊन बसतं, शिंग कुठलं आणि फांदी कुठली कळत नाही, मग बार काढायचा कसा.

माझा हिशोब असा: रायफलवर जेवढे लावाल त्याच्या निदान निम्मे स्कोप आणि माउंटला (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा आणि पट्टीला). शक्य असेल तर बरोबरीने. आणि काडतुसांचे पैसे वेगळे काढून ठेवा, त्याला हात लावू नका. ज्याने सगळे पैसे रायफलमध्ये घातले आणि मग वर्षाला एक डबा उडवतो त्याच्यापेक्षा स्वस्त रायफलवाला जो दर महिन्याला रेंजवर जातो तो जनावरासमोर जास्त भरवशाचा.

स्कोप घेताना आय रिलीफ बघा, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. साडेतीन ते चार इंच हवा. कमी असेल तर धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईवर बसते, चढावर झोपून बार काढताना तर नक्कीच.

माउंटवर कंजुषी करू नका. रायफल अचानक इकडेतिकडे मारायला लागली तर पहिला संशय माउंटच्या स्क्रूवर घ्यायचा. बसवण्याआधी स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटने पुसून तेल काढा, टॉर्क रेंच घ्या, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला आवळा, हाताच्या अंदाजाने नको. रिंगांचे स्क्रू एकेक पूर्ण न आवळता आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

प्रश्न: नवी घेण्यापेक्षा त्याच पैशात जुनी पण चांगल्या नावाची रायफल मिळतेय. एक जुन्या लष्करी माउझरवर बनवलेली शिकारी रायफलही बघितली. सेकंडहँड घेताना काय बघावं?

सेकंडहँड हा परवडणाऱ्या रायफलीचा सगळ्यात चांगला रस्ता आहे, कारण बहुतेक शिकारी रायफली आयुष्यभरात फार कमी गोळ्या उडवतात, बरीचशी वर्षं कपाटात जातात. झिजून मरणाऱ्या रायफली थोड्या, गंजून मरणाऱ्या जास्त. म्हणून गंज शोधा, आणि तो दिसतो तिथे शोधू नका. मालकाला विचारून स्टॉकचे दोन स्क्रू काढा आणि नळी-रिसीव्हर उचलून खालची बाजू बघा, जिथे लाकूड लोखंडाला लागून असतं तिथे. वरून चकचकीत रायफल खाली खड्ड्याखड्ड्यांची निघू शकते, पावसात भिजली, वरून पुसली, उघडून कोणी बघितलंच नाही. स्टॉक हातात आहेच तर रिकॉइल लगच्या मागे आणि मागच्या टोकाशी लाकडाला चीर गेलीये का बघा.

मग बोल्ट काढून नळीतून उजेड बघा. नळीच्या आतले पेच धारदार दिसले पाहिजेत, चेंबरच्या पुढचा भाग भाजल्यासारखा, चिरा पडलेला नको. तोंडाच्या कडेवर, ज्याला क्राउन म्हणतात, तिथे टोचा पडलाय का बोटाच्या नखाने चाचपा. क्राउनवरचा टोचा गोळी वाकडी काढतो, पण गनस्मिथ ते कमी पैशात नीट करून देतो, त्यामुळे भाव पाडायला हे चांगलं कारण. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी जुळतो का बघा, जुळत नसेल तर हेडस्पेस गेज लावल्याशिवाय बार काढायचा नाही.

सेफ्टीची तपासणी रिकाम्या रायफलवर, दोनदा बघून खात्री केल्यावर: बोल्ट बंद, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, आता सेफ्टी काढा. काढताना पिन सुटली, टक झालं, तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत धोकादायक आहे. तसंच बोल्ट जोरात बंद करून बघा, रबरी बटावर हलकी आपटून बघा, पिन सुटता कामा नये. कुणीतरी हौसेने ट्रिगर हलका केलेल्या रायफलीत हे सापडतं.

आता लष्करी माउझर. १८९८ च्या मॉडेलची ॲक्शन असेल तर उत्तम, तिच्या बोल्टला पुढे दोन आणि मागे तिसरा सुरक्षेचा लग आहे, पितळ फाटलं तर गॅस बाजूला काढून द्यायची सोय आहे, आणि मोठा पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर काडतूस मॅगझीनमधून निघाल्यापासूनच धरून ठेवतो. आजही कित्येक महागड्या रायफली त्याच आराखड्यावर बनतात. पण त्याच्या आधीच्या, १८९३-९५ च्या माउझर वेगळ्या, त्यांना तिसरा लग नाही, त्या जुन्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी होत्या, त्यांत कोणी नवीन चेंबर कापून .३०८ वगैरे केलं असेल तर हात लावू नका. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ भेटली तरी नंबर बघा. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या नंबरांचे रिसीव्हर पोलाद घडवताना जास्त तापल्यामुळे ठिसूळ निघाले होते, ते भिंतीवर लावायचे, चालवायचे नाहीत.

प्रश्न: माझी रायफल १०० यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप देते. सगळे एक इंचाच्या आत म्हणतात. विकून टाकू?

नका विकू. हरणाचा मर्माचा भाग, हृदय-फुप्फुसांचा, साधारण आठ इंचांचा गोल धरतात, एल्कचा त्याहून मोठा. तुमची रायफल २०० यार्डांवर तीन इंच आणि ३०० वर साडेचार इंचांच्या आसपास देणार. म्हणजे रायफलकडून काही कमी पडत नाहीये. कंपन्या जी एक इंचाची हमी देतात ती बऱ्याचदा तीन गोळ्यांची, चांगल्या काडतुसांची, टेबलवरून उडवलेली. रानात टेबल नसतं.

असं करा, आठ इंचांची कागदी थाळी लावा आणि टेबल सोडा. गुडघ्यावर बसून, काठ्यांवर टेकून, झाडाला रेलून, थोडं धावून धाप लागलेली असताना, थंड नळीतून. पाचच्या पाच गोळ्या थाळीत बसतात असं सगळ्यात लांबचं अंतर किती, ते तुमचं अंतर. कुणाचं १५० निघेल, कुणाचं २५०. त्याच्या पलीकडे जनावर दिसलं तर जवळ जायचं, नाही जाता आलं तर सोडून द्यायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण हल्ली लांबच्या बारांचं वेड वाढलंय, आणि त्याचा भोग जनावराच्या वाट्याला येतो.

ग्रुप लहान करायचाच असेल तर तीन-चार वेगवेगळ्या काडतुसांचा एकेक डबा आणून बघा. एकच रायफल एका काडतुसाने दोन इंच आणि दुसऱ्याने पाऊण इंच देते, हे नेहमीचं आहे.

प्रश्न: स्टेनलेस की ब्लूड (साधं पोलाद, वरून काळसर-निळं केलेलं)?

पाऊस, बर्फ, खारी हवा असेल तर स्टेनलेस, नाहीतर ब्लूड घेऊन वाचलेले पैसे काडतुसांत घाला. स्टेनलेसही गंजतं, फक्त सावकाश, तेव्हा पुसायचा आळस दोन्हीत नको.

प्रश्न: आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचा विचार आहे. त्यासाठी स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन चालेल का?

इथे मात्र हात आखडू नका. धोकादायक जनावरांसाठी तिथल्या बऱ्याच देशांत .३७५ च्या खालचं कॅलिबर चालत नाही, आणि .३७५ एच अँड एच हे १९१२ चं काडतूस अजून तिथलं मापदंड आहे. पुश-फीड बोल्ट, म्हणजे काडतूस पकडून न ठेवता नुसतं पुढे ढकलणारा, हरणाला शंभर टक्के चालतो, पण अंगावर येणाऱ्या रेड्यासमोर घाईत बोल्ट अर्धाच ओढून पुढे ढकलला तर काडतूस अडकू शकतं, म्हणून तिथे माउझरसारखा पंजा असलेला कंट्रोल्ड फीड हवा. एकाच फेरीसाठी अशी रायफल विकत घेऊ नका, शिकार आयोजित करणाऱ्यांकडे भाड्याने मिळते का ते आधी विचारा. जाण्याआधी आपल्या रेंजवर कुणाची तरी .३७५ चालवून सराव मात्र करा.

प्रश्न: गोळी कुठली घ्यावी, साधी शिशाची की तांब्याची? आणि नवी रायफल आणल्यावर पहिल्या दिवशी रेंजवर नेमकं काय करायचं?

हरणाला साधी कप-अँड-कोअर, म्हणजे शिशावर तांब्याचं पातळ कवच असलेली गोळी पुरते आणि स्वस्तही असते. एल्क, मूस, मोठ्या डुकराला जरा दणकट हवी, कारण खांद्याचं हाड लागलं तर साधी गोळी फुटून वरच्यावर राहते. या गरजेतूनच १९४८ मध्ये नोस्लर पार्टिशन आली, मध्ये तांब्याची भिंत, पुढचं शिसं फुलतं आणि मागचं तसंच राहून आत घुसत जातं. पूर्ण तांब्याच्या गोळ्या खोल जातात आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांब्याचीच सांगेन. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला नळीतल्या पेचांचा जास्त पीळ लागतो, तेव्हा शिशाच्या गोळीपेक्षा एक पायरी हलक्या वजनाची घ्या, म्हणजे .३०८ मध्ये १८० ऐवजी १५० किंवा १६५ ग्रेन.

पहिल्या दिवशी आधी नळीतलं कारखान्याचं तेल कापडाने पूर्ण काढा, स्क्रू पुन्हा तपासा. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य मध्यावर धरा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. सुरुवात २५ यार्डांवर करा, थेट शंभरवर गेलात तर कागदच सापडत नाही आणि अर्धा डबा जातो. मग १०० वर तीन गोळ्यांचा ग्रुप, त्या ग्रुपच्या मध्याप्रमाणे टरेट फिरवा, एकेका गोळीमागे धावू नका. नळी हाताला गरम लागली की थांबा, शिकारी नळी पातळ असते, तापली की गोळ्या सरकतात. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी १०० वर साधारण दोन इंच वर लागेल असं लावलंत तर ती २०० यार्डांवर नेमकी बसते आणि ३०० वर आठेक इंच खाली जाते. हे आकडे तुमच्या रायफलवर प्रत्यक्ष मारून पडताळा आणि चिठ्ठीवर लिहून स्टॉकवर चिकटवा. शिकारीच्या जागी गाडीतून किंवा विमानातून पोचलात की रानात शिरण्याआधी तिथल्या रेंजवर दोन गोळ्या मारून नेम पुन्हा तपासा, आणि त्याही त्याच डब्यातल्या, ज्या घेऊन तुम्ही आत जाणार आहात.